शाळेतील पंगत आणि पथ्यपाणी

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा शाळा मोजतात, पटावरील नावे मोजतात, फार तर मास्तरांचे पगार मोजतात. त्या पटावरचे मूल सकाळी काय खाऊन आले होते, त्याच्या डोक्यातील खवडे कोणी पाहिले, फळ्यावरचे अक्षर त्याला दिसत होते की नाही, याची वही कोणी ठेवलेली नसते. वास्तविक पाहता गरिबाचे मूल शाळेत टिकले की गळले, याचा निकाल पुष्कळदा या न ठेवलेल्या वहीतच लागलेला असतो. म्हणून शाळेतून मुलाला अन्न, औषध आणि आधार देण्याची कल्पना आपल्याकडे कशी आली आणि कुठे येऊन थबकली, तेवढेच आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या सगळ्या इतिहासाला एक माप असावे म्हणून आम्ही एक गाव मनाशी धरले आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, पार सीमेवर, बपेरा म्हणून गाव आहे. बावनथडी ओलांडली की मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. मुलूख धानाचा. शेतात रोवणी चालू असली म्हणजे मोठी माणसे बांधीत आणि लहानांपैकी थोरली पोर घरी धाकट्याला सांभाळीत, हा या भागाचा रिवाज. पुण्यामुंबईत किंवा दिल्लीत निघालेली योजना अशा टोकाच्या गावी पोहोचते तेव्हा तिच्यातले किती शिल्लक राहते, हे पाहिल्यावाचून तिची खरी किंमत कळत नाही.

विद्यार्थ्याच्या पोटाची सोय करण्याची आपली जुनी रीत म्हणजे वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी लावून कित्येक नामांकित पुरुषांनी विद्या संपादन केली. ज्यांना वार मिळाले नाहीत त्यांनी माधुकरी मागितली. या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत आणि तिच्यात औदार्य होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिचे हिशेब नीट मांडले पाहिजेत. एक तर ती जवळजवळ एकाच जातीच्या मुलांपुरती होती. कुणब्याच्या, तेल्याच्या, महाराच्या मुलाला वार कोण लावणार? दुसरे, ज्या घरी वार असे त्या घरच्या माउलीचे मन, तिच्या घरातले सोयरसुतक आणि धन्याची मिळकत, या सर्वांवर त्या दिवसाचे जेवण अवलंबून असे. आणि तिसरे, जे सहसा कोणी बोलत नाही: मुलगा तापाने फणफणला आणि वाराच्या घरी जाऊ शकला नाही, तर त्या दिवशी तो उपाशी. ज्या दिवशी आधाराची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी आधार सुटे.

हे वर्तुळ फोडण्याचे काम वसतिगृहांनी केले. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी धनकवडीला बालाश्रम चालवून दुष्काळग्रस्तांच्या मुलांना अन्न दिले, ते या वाटेवरचे आरंभीचे पाऊल म्हणता येईल. पुढे शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांना दोष देणारे आजही भेटतात. आम्हांस तो दोष मान्य नाही. ज्या काळी एका पंगतीस कोणी बसत नव्हते त्या काळी आधी प्रत्येकाला पंगत मिळवून देणे हेच शहाणपणाचे होते. एका पंगतीचे काम भाऊराव पाटलांनी केले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. त्या मुलांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह उघडले, तेही याच विचाराने. शाळा फुकट असून भागत नाही, शाळेपर्यंत पोहोचणारा देह आधी जगवावा लागतो, हे या सर्वांनी ओळखले होते.

तथापि वसतिगृहात येणारा मुलगा हा घरातून निघण्याइतका मोठा झालेला असतो. गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसलेल्या पोराचे काय? त्याच्यासाठी वेगळी वाट हवी होती, आणि ती प्रथम इंग्लंडात पडली.

तिचे मूळ मोठे विलक्षण आहे. इंग्लंडात १८७० पासून शाळांचे जाळे पसरले आणि १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा आजवर गल्लीबोळांत लपलेली उपाशी, किडक्या दातांची, अधू डोळ्यांची मुले एकाच वेळी मास्तरांच्या पुढ्यात येऊन बसली. तरीही सरकार हलले नाही. ते हलले बोअर युद्धात. १८९९ ते १९०२ या काळात सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग शरीराने नालायक ठरला आणि साम्राज्याच्या धन्यांना एकाएकी गरिबांच्या पोरांची काळजी वाटू लागली! १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतून वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. परंतु कायद्याने बंधन घातले ते तपासणीचे, उपचाराचे नव्हे. डॉक्टरने मूल तपासावे, आईबापांना चिठ्ठी द्यावी आणि त्यांनी आपल्या खर्चाने इलाज करावा, अशी ती योजना. गरीब आईबापांनी चिठ्ठी चुलीवर ठेवली यात नवल नाही. मार्गारेट मॅकमिलन या बाईंनी १९०८ साली लंडनच्या बो भागात आणि १९१० साली डेप्टफर्डला शाळकरी मुलांसाठी दवाखाने उघडले आणि उपचाराला सरकारी अनुदान मिळू लागले ते १९१२ पासून. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये असलेली ही पाच वर्षांची दरी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आपल्या देशात ती किती रुंद झाली ते पुढे येणारच आहे.

हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्याने झाली ती १९०९ साली बडोदे शहरात. राज्य होते सयाजीराव गायकवाडांचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. सक्ती १९०६ ची आणि तपासणी १९०९ ची. या दोन सालांतील जवळीक हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. मुलाला शाळेत यायला कायद्याने भाग पाडले की त्याच्या प्रकृतीची जोखीम भाग पाडणाऱ्याच्या माथी येते, हे इंग्लंडात जसे घडले तसेच इथेही घडले. पण बडोदे हा अपवाद होता. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, त्यात शाळांतील आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बडोद्याच्या सदतीस वर्षांनंतर!

या काळात बपेऱ्याकडची शाळा कोणाच्या हाती होती? भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. १९४८ च्या कायद्याने त्या प्रांतात तहसिलीगणिक जनपद सभा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला, आणि जी नदी काल दोन गावांमध्ये वाहात होती ती आज दोन राज्यांमध्ये वाहू लागली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळाही जिल्हा परिषदेची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रही जिल्हा परिषदेचे, अशी घडी त्या दिवशी बसली. वास्तविक हा मोठा सुयोग होता. गुरुजी आणि डॉक्टर एकाच संस्थेचे नोकर झाले. परंतु एका छपराखालच्या दोन खोल्यांमधले दार बंद असावे तसे शिक्षण खाते आणि आरोग्य खाते आपापल्या फायली सांभाळीत बसले. त्याच सुमारास, १९६० साली, केंद्र सरकारने रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली आणि तिचा अहवाल १९६१ साली आला. मुलांच्या रोगांच्या मुळाशी अर्धपोटी राहणे आहे, हे त्या समितीने जाणले होते. अहवाल उत्तम होता. अंमलबजावणीविषयी तसे म्हणवत नाही.

सरकारी कागदांच्या या रांगेत एक निराळा प्रयोग मात्र आमच्या मनात घर करून आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना बोलावणे सोडून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातून आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरे, तिला कुरणशाळा म्हणत. धडा सुरू होण्याआधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. ज्याला सरकारी भाषेत आरोग्यसेवा म्हणतात ती तिथे धड्याच्या आतच आलेली होती. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव घेतले; ती आंघोळीची बादली किती ठिकाणी घेतली, ते ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे.

दुष्काळाने आणखी एक पदार्थ शाळेत आणला. १९७२ च्या दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. पण सुकडी हे संकटातले अन्न होते. रोजच्या अन्नाचा विचार १५ ऑगस्ट १९९५ रोजी आला. त्या दिवशी सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ज्या मुलाची हजेरी शेकडा ८० भरेल त्याला महिन्याला ३ किलो धान्य मिळे. आता तांदूळ घरी गेला की तो घराचा होतो. पाच तोंडांच्या घरात ३ किलो तांदळातले शाळकरी पोराच्या ताटात किती पडणार, हे धान पिकविणाऱ्या मुलखाला शिकवायला नको. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की शिजविलेले अन्न द्या, तेव्हा कुठे हंडा चुलीवर चढला. आपल्या राज्यात त्या हंड्यात खिचडी शिजली. पुढे ठरलेल्या मापाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहे.

या खिचडीची थट्टा करणे शहरी लोकांना फार आवडते. मास्तरांना स्वयंपाकी केले, अशी तक्रारही ऐकू येते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तांदळाचे पोते, इंधनाचा हिशेब आणि रोजची नोंद यांत गुरुजींचा वेळ जातो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका शाळेत विषारी अन्नाने २३ मुले दगावली, तेव्हापासून तर चूल म्हणजे धास्तीची जागा झाली. एवढे सगळे मान्य करूनही आम्ही खिचडीच्या बाजूने उभे आहोत. भाऊरावांनी एका बोर्डिंगात जी पंगत कष्टाने बसवली ती आज जिल्हा परिषदेच्या गावोगावच्या शाळांत दुपारी बसते. जेथे ती मोडते, कोणी ताट वेगळे ठेवते, तेथे ती बातमी होते. शंभर वर्षांपूर्वी ती बातमी झाली नसती. आणि जी बाई हे अन्न शिजविते तिच्याकडे पाहा. २००९ साली केंद्राने तिचे मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातील दहा महिने, असे ठरविले. राज्याने नंतर त्यात भर घातली, पण गावातल्या शंभर पोरांचे पोट ज्या हातांवर आहे त्या हातांचे मोल आपण कसे करतो ते या आकड्यावरून समजते. असाच दुसरा आकडा मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा. १९९२ साली गरीब व मागास घरांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया द्यावयाचे ठरले. विडीचा धंदा असलेल्या या जिल्ह्यात मुलगी आईशेजारी बसून सूप भरू लागली तर रुपयाहून पुष्कळ अधिक मिळवील. दशके लोटली तरी रुपया रुपयाच राहिला.

अंड्याची कथा अगदी अलीकडची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, द्यावयाचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबला आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. लोकसहभाग म्हणजे गावातील सधन माणसाची मर्जी. वार लावून जेवण्याच्या काळाशी याचे नाते काय, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

आता औषधाकडे येऊ. बपेऱ्याच्या मुलांशी त्याचा संबंध फार निकटचा आहे. विदर्भाच्या या पूर्व भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. १९५२ साली तो आपल्या देशात प्रथम निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या दोन संशोधकांनी मध्य भारतात त्याचे वाहक असल्याचे प्रसिद्ध केले. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तर मूल वाहक होते आणि बहुधा धडधाकट राहते. दोघांकडूनही आला तर मूल आजारी पडते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे ठणकून निघतात. थंडी, ऊन, अंगातले पाणी कमी होणे, अति श्रम, यांपैकी काहीही हा ठणका उठवू शकते.

याचा शाळेत काय अर्थ होतो? एक मूल महिन्यातून चार दिवस येत नाही. कवायतीच्या वेळी खाली बसते. डोळे पिवळट, वाढ खुंटलेली. ज्याला हा आजार ठाऊक नाही तो मास्तर त्याला कामचुकार म्हणेल, घरचे देवरुषी गाठतील, आणि चौथीनंतर पटावर त्याच्या नावापुढे रेघ येईल. ज्याला ठाऊक आहे तो त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू देईल, उन्हात पळवणार नाही, अंग ठणकू लागताच घरी निरोप धाडील. यासाठी मास्तराला वैद्य होण्याची गरज नाही. पण कोणीतरी त्याला हे एकदा नीट सांगितले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सवलती मागण्याचा हक्क मिळाला. प्रमाणपत्र काढायला मात्र रक्ताची खात्रीची तपासणी लागते आणि त्यासाठी गाव सोडावे लागते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० व्याधींसाठी तपासणी. पथकात दोन डॉक्टर, त्यांपैकी एक स्त्री, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा भेट. जंताची गोळी आणि लोहाची गोळीही शाळेत मिळू लागली. बडोद्याच्या १९०९ च्या तुलनेत ही झेप फार मोठी आहे. हृदयाला छिद्र असलेली मुले या तपासणीत सापडली आणि शस्त्रक्रिया होऊन हिंडूफिरू लागली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण १९०७ च्या इंग्रजी चिठ्ठीची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. पथकाची गाडी येते, मूल तपासले जाते, पुढच्या तपासणीसाठी तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडाऱ्याला न्या असे कागदावर लिहून मिळते. आता हिशेब करावा. रोवणीचे दिवस. बाप पोराला घेऊन निघाला तर त्याची मजुरी बुडाली. आई गेली तर दोन मजुऱ्या बुडतात, कारण धाकट्याला पाहायला थोरल्या पोरीची शाळा बुडते. गाडीभाडे निराळे. पहिल्या खेपेला रक्त घेतात, निकालाला दुसरी खेप. कागद चुलीवर ठेवणारी लंडनची आई आणि कागद फळीवर ठेवणारी बपेऱ्याकडची आई यांत आम्हांस काही अंतर दिसत नाही. अज्ञान हे त्याचे कारण सांगणे सोपे आहे; खरे कारण मजुरीच्या हिशेबात आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हेच दुसऱ्या रूपाने दिसले. धान्य पुन्हा १९९५ सारखे घरी गेले, पण तपासणी, गोळी आणि मुलाकडे रोज पाहणारा मास्तरांचा डोळा घरी नेता आला नाही.

त्यातून बपेरा पडला सीमेवर. रोटीबेटीचा व्यवहार नदीच्या दोन्ही काठांवर चालतो; मामा तिकडे, आत्या इकडे. वाहक मुलगी लग्न होऊन बालाघाटकडे गेली की तिचा कागद महाराष्ट्रात राहतो आणि तिचे मूल मध्यप्रदेशाच्या पटावर चढते. १ जुलै २०२३ रोजी त्याच मध्यप्रदेशात, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. दोन्ही राज्यांनी आपापल्या काठावर कार्डे दिली आहेत. तिकडच्या शाळेत तपासलेल्या मुलाचे कार्ड इकडच्या डॉक्टरांच्या वहीला जोडण्यासाठी कोणा मोठ्या समितीची गरज नाही. दोन तहसिलींतील आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि नदीच्या दोन काठांवरील मुख्याध्यापकांनी वर्षातून एक दिवस, रोवणी संपल्यावर, एकत्र बसून याद्या ताडून पाहिल्या तरी पुरे. आणि त्याच दिवशी रक्त घेणारा माणूस जर शाळेतच येऊन बसला, तर आईबापांच्या दोन्ही खेपा वाचतील.